‘पोरगं कष्टाळू आहे’ म्हणजे सरांना नेमकं काय म्हणायचं असतं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १३ वर्षांचा, दीड वर्ष झालं इथंच सोलापुरात एका क्लबला खो-खो खेळायलाय, आणि परवा पालकांच्या मीटिंगला सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की "हा आमचा कष्टाळू मुलगा", आणि लगेच शेजारच्या पोराच्या पाठीवर हात ठेवून "आणि हा हिरा आहे हिरा". त्या दिवसापासून तुमचा मुलगा ग्राउंडला जायचं नाव काढत नाही, आणि तुम्ही विचारताय की कोच लोक हे ठरवतात कशावरून आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा.

मी २६ वर्षं खो-खो शिकवतोय, आधी शाळेत पीटीचा मास्तर, नंतर संध्याकाळचं क्लबवर. आणि खरं सांगायचं तर तो "कष्टाळू" शब्द मीपण पोत्यानं वापरलाय, त्यामुळं त्याच्या आत काय भरलेलं असतं ते मला बाहेरच्या माणसापेक्षा जरा जास्त माहितीय.

आमच्या लोकांची एक वेगळीच भाषा असते बघा. "कष्टाळू आहे" म्हणजे दहातल्या आठ वेळा, टीममध्ये घेणार नाही पण येत राहा, फी भरत राहा. "गुणी मुलगी आहे" म्हणजे सांगितलेलं ऐकते, उलट बोलत नाही, त्यात खेळाबद्दल एक अक्षर नसतं. पोरानं पंचाला जाऊन विचारलं की "डेअरिंगबाज आहे", तेच मुलीनं विचारलं की "जरा आगाऊच आहे". "टॅलेंट आहे पण..." असं कुणी म्हणालं तर त्या पणच्या पुढचं नीट ऐका, निम्म्या वेळा त्या पोराचं आणि सरांचं पटत नाही एवढंच निघतं. "शांत आहे" याचे तर दोन अर्थ, एक म्हणजे टाइम संपत आला तरी डोकं गरम होत नाही, आणि दुसरा म्हणजे मला याचं नाव पटकन आठवंना.

सिलेक्शनच्या आधी आम्हा कोच लोकांचे एकमेकांना फोन चालतात. "तुमच्याकडचा तो उंच पोरगा कसाय ओ?" समोरचा म्हणतो "चांगलाय". आता हे चांगलाय किती वेळानं आलं ते महत्त्वाचं. लगेच आलं आणि पाठोपाठ "घ्या की" आलं तर पोरगा खरंच चांगलाय. थांबून आलं तर प्रश्न आहे. आणि "घरचे लोक लै चांगलेत" असं म्हणाला तर काही विचारूच नका. कागदावरचं तर त्याहून वाईट, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात "चांगली" सोडून दुसरं काही लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलेलं नाही, आणि मी ज्यांना हातानं धरून ग्राउंडबाहेर काढलंय त्यांच्याही दाखल्यावर "चांगली"च आहे.

तेव्हा पहिलं उत्तर हे की तो शब्द मनाला लावून घेऊ नका. तो तुमच्या मुलाबद्दल कमी आणि त्या दिवशी सरांना काय पाहिजे होतं त्याबद्दल जास्त सांगतो. समोर पालक बसलेत, प्रत्येकाच्या पोराबद्दल एक-एक वाक्य बोलायचंय, हाताशी आठ-दहाच शब्द आहेत, मग होतं असं.

पण तुम्ही विचारलंय की खरं ओळखायचं कसं, तर ते जरा लांबण लावून सांगतो.

खो-खोत एक गंमत आहे जी क्रिकेटवाल्यांना नाही. २७ मीटर बाय १६ मीटरचं मैदान, आक्रमणाला नऊ जण, त्यातला पळतो एकच आणि बाकीचे आठ दोन खांबांच्या मध्ये चौकोनात उकिडवे बसलेले, एकाचं तोंड इकडं तर पुढच्याचं तिकडं. आपल्या मनानं उठता येत नाही, मागून कुणीतरी येऊन पाठीला हात लावून "खो" म्हणेपर्यंत बसायचं. म्हणजे आक्रमणाच्या नऊ मिनिटांत पोरगं बहुतेक वेळ बसूनच असतं. आणि पालक, प्रेक्षक, पेपरचे फोटोवाले, आणि आम्हीसुद्धा, सगळे बघतो कोणाला तर पळणाऱ्याला!

मला हे कळायला दहा-बारा वर्षं लागली की पोराचा स्वभाव बघायचा तर बसलेला बघायचा. टाच उचललेली आहे का, मान वळवून संरक्षक, म्हणजे समोरच्या टीमचा चुकवत पळणारा गडी, कुठं आहे त्याच्यावर नजर आहे का, का मातीत बोटानं रेघा मारत बसलाय. पळणाऱ्यानं उगीच घाईत चुकीचा खो दिला आणि फाऊल झाला, तर बसलेल्याच्या तोंडावर काय येतं. काही पोरं लगेच कोचकडं बघतात, म्हणजे सर बघा हां, चूक त्याची. काही पोरं त्या चुकलेल्याकडंच बघून नुसती मान हलवतात, चल चल, होतंय. हे दुसऱ्या जातीचं पोरगं मला हातात सापडलं की मी सोडत नाही, मग ते ३० मीटर कितीला पळतं हे नंतर बघू. बाद झाल्यावर कुठं जाऊन बसतो तेपण बघा, पाण्याच्या बाटलीपाशी एकटा, का लाइनच्या कडेला पुढच्या तुकडीला (संरक्षणाला तिघं-तिघं उतरतात) ओरडून सांगत. एप्रिलमध्ये आपल्याकडं ४२-४३ डिग्री असतं, सकाळी सहाला सुरू केलेली प्रॅक्टिस साडेआठला नुसती भाजून काढते, त्यातला शेवटचा पाव तास मी फक्त बघतो, शिकवत काहीच नाही. पहिल्या पाव तासात सगळेच हिरे असतात.

आणि फक्की कोण मारतं. म्हणजे लाइना आखायचं काम. सांगितल्यावर सगळेच करतात. न सांगता लवकर येऊन डबा उचलणारे दरवर्षी दोन-तीनच निघतात, आणि दरवेळी तेच चांगले खेळाडू असतील असं मात्र नाही हां, काही नुसते लाडके व्हायला येतात. तेही दोन महिन्यांत कळतं, कारण सर सुट्टीवर असले की फक्की पडत नाही.

आता माझं पाप सांगतो. साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडं सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी, पळतीला, म्हणजे संरक्षणाला, अशी की पाय जमिनीला लागतात का नाही कळू नये. हूल द्यायची ती इतकी सफाईनं की समोरची पोरगी निम्म्या मैदानावर जाऊन पडायची. पण आक्रमणाला सूर मारायची नाही, म्हणजे गडी धरायला अंग झोकून द्यायची नाही. खांबावरचा सूर म्हणा, आकाशी सूर म्हणा, ऐन वेळी हात आखडायची आणि गडी सुटायचा. मी सगळ्यांसमोर तिला "भित्री" म्हणालो, एकदा नाही, वर्षभर. माझ्या डायरीतपण तसंच लिहिलंय, अजून आहे ते पान. माझ्या हाताखालच्या दोन सिनिअर मुलीपण मग तेच म्हणायला लागल्या, म्हणजे मी एक शब्द टाकला आणि सगळ्या ग्राउंडनं उचलला. एक दिवस तिची आई आली दुसऱ्याच कामाला आणि बोलता बोलता म्हणाली, सर, हात सोलून घरी आली की हिला विड्या वळता येत नाहीत ओ, पानं कापायला बोटं चालत नाहीत, हजार विड्यांवर मजुरी असते आमची. मी गप्प. पोरगी सूर मारायला भीत नव्हती, ती रोज संध्याकाळी घरची मजुरी वाचवत होती, आणि १४ वर्षांच्या पोरीनं हे कुणाला सांगितलंपण नाही. ज्याला मी भित्रेपणा म्हणत होतो त्याच्याइतकी जबाबदारीची जाण माझ्या बाकीच्या पूर्ण टीमला मिळून नसेल.

त्यानंतर मी एक नियम केला, डायरीत विशेषण लिहायचं नाही. आळशी, भित्रा, गर्विष्ठ, हिरा, काही नाही. काय दिसलं तेवढंच लिहायचं. "सूर मारताना हात आखडला, चार वेळा." बास. कारण विशेषण लिहिलं की आपण विचारायचं थांबतो. हात आखडला असं लिहिलं असतं तर कधीतरी तोंडातून निघालं असतं की का गं?

आता हिऱ्याचं ऐका, कारण तुमच्या शेजारच्या त्या पोराची मला तुमच्या मुलाइतकीच काळजी वाटते. माझाही एक हिरा होता. १२ व्या वर्षी सगळ्यांपेक्षा हातभर उंच, चपळ, आणि मी जाईन तिथं त्याला पुढं करायचो. दोन वर्षांनी बाकीची पोरं वाढली आणि हा तेवढाच राहिला. आणि मग एक विचित्र गोष्ट दिसायला लागली, की तो अवघड गडी धरायलाच जाईना. सोपा खो देऊन मोकळा व्हायचा. सूर मारला आणि गडी सुटला तर लोक काय म्हणतील, हिरा असून सुटला! त्यापेक्षा मारायचाच नाही. सोळाव्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून सोडलं त्यानं, गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

यावर अमेरिकेत एक अभ्यास झालाय, क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींचा, १९९८ चा. पाचवीतल्या वयाच्या मुलांना कोडी सोडवायला दिली, काहींना म्हणाले तू हुशार आहेस, काहींना म्हणाले तू मेहनत घेतलीस. पुढं ज्यांना हुशार म्हटलं होतं त्यातली जास्त मुलं सोपी कोडी मागायला लागली, आणि अवघड आल्यावर लवकर खचली. माझ्या हिऱ्याचं डिट्टो हेच.

पण थांबा, यावरून कुणी तुम्हाला सांगेल की मग "कष्टाळू" म्हणणंच बरोबर झालं की. कागदावर बरोबर आहे. पण आपल्या ग्राउंडवर कष्टाळू हा शब्द कुणाला मिळतो हे बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. जो निवडला जात नाही त्याला. मग ते कौतुक राहत नाही, सांत्वन होतं, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच लागलं. तो सरांवर रुसला नाही, त्याला बरोबर कळलं. एका दमात एकाला कष्टाळू आणि दुसऱ्याला हिरा म्हटलं की दोघांचंही नुकसान, आणि सरांना वाटतं आज दोन पोरांचं कौतुक केलं.

मग कौतुक करायचंच नाही का? आमच्या पिढीतल्या लै कोचांचं हेच म्हणणं असतं, आणि ते आचरेकर सरांचं नाव घेतात. बरोबर आहे, सचिन १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर शेवटचं बोलला तेव्हा म्हणाला होता की २९ वर्षांत सर मला एकदाही वेल प्लेड म्हणाले नाहीत, कारण मी सुस्तावेन असं त्यांना वाटायचं. हे सगळ्यांनी पाठ केलं. पण तेच आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, आणि कुणीच बाद करू शकलं नाही तर नाणं सचिनचं. आणि स्वतःच्या स्कूटरवर मागं बसवून एका ग्राउंडवरून दुसऱ्या ग्राउंडवर न्यायचे, अजून एक बॅटिंग मिळावी म्हणून. म्हणजे तोंडानं नसेल केलं, पण त्या माणसानं मोजलेलं होतं, आणि पोराला कळेल अशा पद्धतीनं मोजलेलं होतं. आमच्या लोकांनी त्यातलं न बोलणं तेवढं उचललं, कारण ते फुकट आहे. नाणं आणि स्कूटर कुणी उचलली नाही.

(जाता जाता, आपल्याकडं चांगल्या कोचला द्रोणाचार्य पुरस्कार देतात आणि खो-खोतल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूला एकलव्य. ही दोन नावं एका खेळात शेजारी-शेजारी ठेवताना कुणाला कसं काही वाटलं नसेल, मला दरवर्षी बक्षीस समारंभाला हसू येतं.)

माझी पद्धत सांगतो, बरोबरच आहे असा दावा नाही. कौतुक त्या खेळाडूचं नाही, त्या क्षणाचं करायचं, आणि लगेच, आणि एकच. "भारी खेळलास" यात पोराला काय मिळालं? त्यापेक्षा "पाठलाग करणारा खांबाकडं वळणार असं धरून तू आधीच पळाला नाहीस, त्यानं खांदा वळवेपर्यंत थांबलास, म्हणून सुटलास", हे म्हटलं की पोरगं उद्या परत थांबून बघतं. हे कष्टाचंही कौतुक नाही आणि टॅलेंटचंही नाही, त्यानं जे ठरवलं त्याचं आहे. आणि ते त्याच्या भाषेत असलं तर अजून उत्तम. आपल्या सोलापुरात एका टीममध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी पोरं असतात, मी चाळिशीत "बागुंदी" आणि "चलो अद" शिकलो, माझे उच्चार ऐकून पोरं अजून हसतात पण हसत हसत पुढचा खेळ बरा करतात.

पब्लिकमध्ये कौतुक करायचं तर पूर्ण टीमचं. एकट्याचं कौतुक एकट्याला. आणि कानउघाडणीसुद्धा एकट्यालाच, हे तर मी त्या मुलीनंतर शिकलो.

कुवत कशी जोखायची हा वेगळाच विषय आहे आणि त्यात आम्ही सगळ्यात जास्त मार खातो, कारण आम्ही आज बघतो. १३ वर्षांच्या पोरांच्या ट्रायलला जा, जो उंच आणि भरलेला दिसतो तो निवडला जातो. मुलींची उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ सरासरी बाराच्या आसपास, मुलांचा चौदाच्या आसपास, पण एखाद्याचं दोन वर्षं आधी, एखाद्याचं दोन वर्षं नंतर. म्हणजे एकाच वर्गातली दोन १३ वर्षांची पोरं शरीरानं चार-चार वर्षांच्या फरकानं असू शकतात. त्यात वयोगट तारखेवर ठरतात, तारखेनंतर लगेच जन्मलेलं पोरगं आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेलं पोरगं एकाच गटात. जगभर खूप खेळांत हे दिसलंय की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं निवडीत जास्त असतात. टॅलेंट काय कॅलेंडर बघून जन्माला येतं काय?

आणि वाढताना वर्षभर पोरं वेंधळी होतात, पाय लांब झालेले असतात आणि मेंदूला त्याची खबर लागलेली नसते, कालपर्यंत हूल देणारं पोरगं आज स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतं. कोच म्हणतो, याचं लक्ष नाही, डोक्यात हवा गेली. लक्ष आहे हो, उंची वाढलीय. म्हणून मी दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची भिंतीवर खूण करून लिहितो, फक्त खडू आणि टेप लागते. तुम्हीपण घरी दाराच्या चौकटीवर खूण करा. मुलाची उंची आता भराभर वाढायला लागली असेल तर या वर्षी त्याच्याबद्दल कुणी काहीही म्हणालं तरी ते कच्च्या पेन्सिलीनं लिहिलंय असं समजा.

उशिरा फुललेल्यांची उदाहरणं लांब शोधायला नको. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, बारावीनंतर सैन्यात गेला, आणि अ‍ॅथलेटिक्सकडं वळला तो तिथं गेल्यावर, विशीत. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य, आणि सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं. तेराव्या वर्षी त्याला कुणी काय म्हटलं असतं आणि त्यानं ते मनावर घेतलं असतं तर?

आपल्याच जिल्ह्यात बघा, वेळापूर, वाडीकुरोली ही गावं खो-खोची. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्हीत भारत जिंकला, दोन्ही फायनल नेपाळशी, आणि दोन्ही कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पुरुषांच्या टीममधला रामजी कश्यप हा वेळापूरचा. ऐन गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेचे, दिवस होते, माझी पोरं गड्ड्यात पाळण्याच्या लाइनीत उभी राहून मोबाइलवर मॅच बघत होती. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर सगळ्यांनाच आकाशी सूर मारायचे होते, मातीवर, गादी नसताना, दोघांचे कोपर फुटले. असो.

आता सहकाऱ्यांचं. बरोबरच्या पोरांचं मत हे माझ्या मते कोचच्या मतापेक्षा भारी असतं, पण ते काढून घ्यायला यावं लागतं. थेट विचारलं तर पोरं तुम्हाला आवडेल ते सांगतात. मी चिठ्ठ्या देतो, नाव न लिहिता. "शेवटची दोन मिनिटं काढायचीत, पळायला तिघं कोण पाहिजेत?" पहिल्यांदा केलं तेव्हा १४ चिठ्ठ्या होत्या, मी ज्याला कॅप्टन करणार होतो त्याचं नाव चार चिठ्ठ्यांवर, आणि ज्याचं मला काही विशेष वाटत नव्हतं अशा एका पोराचं अकरा चिठ्ठ्यांवर. मी मग तीन मॅच त्यालाच बघत बसलो. तो जास्त वेळ पळत नव्हता, पण त्याच्या तुकडीतले दुसरे दोघं त्याच्याबरोबर असले की जास्त टिकायचे, कारण तो सारखा बोलायचा, मागं बघ, खांब सोड, दम घे. मला काठावरून ऐकूच येत नव्हतं ते.

चिठ्ठ्यांतही खोट असते. दोस्ती असते, एका गल्लीची पोरं एकमेकांची नावं टाकतात, भाषेचे गट पडतात. म्हणून एकदाच नाही, सीझनमध्ये तीनदा, आणि प्रश्न बदलून. "कुणाबरोबर रूम शेअर कराल" आणि "कुणाकडून खो घ्यायला आवडतो" यांची उत्तरं वेगळी आली की समजायचं पोरं खरं बोलायलीत.

अजून एक माणूस, ज्याला कुणी विचारत नाही, तो म्हणजे गुणलेखक. कोण किती मिनिटं-सेकंद पळालं, कोणी किती गडी मारले, हे तो डोळ्यानं बघून हातानं लिहीत असतो आणि त्याला तुमच्या पोराशी काही देणं-घेणं नसतं. बाहेरगावच्या स्पर्धेत मी चहा पहिला त्यालाच पाजतो. दुसऱ्या टीमच्या कोचनं केलेलं कौतुकही मोलाचं, कारण त्याला ते करायची काही गरज नसते, फक्त तो "तुमचा डावा पोरगा लै भारी ओ, घरची परिस्थिती कशीय त्याची?" असं विचारायला लागला की कौतुक संपलं आणि पोरगं पळवायची बोलणी सुरू झाली असं समजा. दोनदा झालंय माझ्याबरोबर.

आता तुम्ही काय करायचं. त्या सरांशी भांडू नका, मीटिंगमध्ये तर नकोच. प्रॅक्टिस संपल्यावर एकटं गाठा आणि "माझा मुलगा कसाय" असं विचारू नका, कारण मग "चांगलाय"च येणार. विचारा, सर, तो बाद होतो तेव्हा बहुतेक कसा बाद होतो? आणि बसलेला असताना कसा असतो? ज्या कोचनं तुमच्या पोराला बघितलंय तो लगेच बोलायला लागेल, अहो डाव्या बाजूला वळताना मोठं वळण घेतो, किंवा खांबाला चिकटून राहतो, किंवा खो मिळाल्यावर उठायला अर्धं पाऊल उशीर होतो. असं उत्तर आलं तर मीटिंगमधलं बोलणं विसरून जा, माणूस बोलायला कच्चा असेल पण बघायला पक्का आहे, पोराला तिथंच ठेवा. आणि परत "कष्टाळू आहे हो तो" एवढंच आलं, दीड वर्षांनंतरही, तर त्यांनी त्याला बघितलेलंच नाही. मग शालेय स्पर्धा सुरू व्हायच्या आत दुसरीकडं बघा, मधेच बदललं की ना इकडचा ना तिकडचा होतं.

मुलाला काय सांगायचं असंही विचारलंय तुम्ही. तू पण हिरा आहेस असं चुकूनही सांगू नका. एक दिवस स्वतः ग्राउंडवर जाऊन कडेला बसा, मोबाइल पर्समध्ये ठेवा, आणि तो बसलेला असताना त्याला बघा. घरी येताना एकच गोष्ट सांगा जी तुम्ही खरंच बघितली. "तो पडला तेव्हा तू हात दिलास" किंवा "खो मिळायच्या आधीच तुझी टाच वर होती". एवढंच, पुढं काही जोडू नका. तो "तुला काय कळतंय खो-खोतलं" म्हणेल, म्हणू दे.

आणि उन्हाळ्यात सकाळच्याच बॅचला पाठवा, बरोबर ताक द्या, ती रंगीत पावडरीची पाकिटं नकोत.